उघड्या ताटलीत उगवलेलं

१

"ताई, त्या खोलीत काडी धड पेटत नाई वो," धम्मदीपा फोनवर म्हणाली होती.

योगिनीच्या एका खांद्यावर तिची लेक वैष्णवी रडत होती, दुसऱ्या खांद्यानं फोन कानाशी दाबून धरलेला होता आणि गॅसवर दूध होतं. "पेटी सादळली असेल. दुसरी घे," ती म्हणाली.

"गुल उडते. पन लाकूड धरतच नाई."

"अगं, दुसरी घे म्हटलं ना."

तेवढ्यात दूध उतू गेलं आणि बोलणं तिथंच तुटलं.

आठवड्याभरानं धम्मदीपा गेली.

वाशिमहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक महाविद्यालय आहे. धम्मदीपा तिथं रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. मागच्या अंगाला वसतिगृहाची जुनी स्वयंपाकखोली होती. वसतिगृह बंद पडल्यावर तीच त्यांची प्रयोगशाळा झाली. कोपऱ्यात खोलगट मोरी, तिच्याशेजारी एक पाट. धम्मदीपा त्या पाटावर बसून काम करायची. मोरीपाशीच ती कुशीवर पडलेली सापडली. पायात चप्पल नव्हती. अंगावर ओरखडा नाही, फोड नाही, पोटात विष नाही. पण खिडक्या कागद चिकटवून बंद केलेल्या होत्या, दाराच्या फटीत आतून ओला टॉवेल कोंबलेला होता, मोरीत जळक्या काड्या पडल्या होत्या आणि जवळच स्पिरिटचा दिवा होता.

लोकांना एवढं पुरलं. पोरगी पेटवून घ्यायला बसली होती, हिंमत झाली नाही, मग कसलातरी वायू हुंगला. दोन वर्षं झाली, संशोधनात काही निघत नव्हतं, डोक्यावर परिणाम झाला. पोलिसांचंही मत तिकडेच झुकलं होतं.

योगिनी त्याच प्रयोगशाळेत होती, वैष्णवीच्या वेळी दिवस जाईपर्यंत. धम्मदीपाला पहिली परीक्षानळी तिनंच हातात दिली होती. बातमी कळली तेव्हा तिला रडू आलं नाही. तिनं टोपडी धुतली, दोरीवर वाळत घातली आणि वाळलेली पुन्हा धुतली. वैष्णवी झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरून बसायची तिची सवय जुनीच होती. आता तिला बोटावर लागणारा श्वासही धड जाणवत नव्हता. अंगभर टोचून बधिर केल्यासारखं झालं होतं.

चौथ्या दिवशी दार वाजलं. बाहेर धम्मदीपाची आई, चंपाबाई, हातात कापडी पिशवी घेऊन उभी होती. रिठदच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिचं आयुष्य गेलं होतं. गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं जेवून मोठी झाली होती.

"बसत नाई," ती म्हणाली आणि बसली. "सोमवारी पोलिसांचा कागद वर जाते. आत्महत्या म्हून लिहून राह्यले. मले कोनाले सजा नाई द्यायची, योगिनी. माही पोरगी मले सोडून जायले निघाली होती का, येवढं पाहून सांग. तुले त्या खोलीतलं समजते."

मग तिनं पिशवी पुढं सरकवली.

२

पिशवीत स्टीलचा डबा होता, ओढणी होती, चपला होत्या आणि प्लास्टिकची एक चपटी डबी.

"उत्कर्षनं आनून देल्ली," चंपाबाई म्हणाली. उत्कर्ष म्हणजे धम्मदीपाच्या जोडीनं त्याच प्रयोगशाळेत काम करणारा अनसिंग गावचा मुलगा. मृतदेह पाहणारा पहिला तोच. "पानी घे म्हनलं, तं उभ्याउभ्याच गेला. तोंड लपवून. पोलिसांले या चपलांचं काई नाई वाटलं."

योगिनीनं डावी चप्पल हातात घेतली. रबर नवं होतं, दसऱ्याला घेतलेलं. पण टाच आडवी तडकली होती. तीन तुकडे, पट्ट्यानं कसेबसे एकत्र धरलेले. रबर फाटलं की चिंध्या निघतात, दोरे लोंबतात. हे फाटलेलं नव्हतं, मोडलेलं होतं. बिस्किट मोडावं तसं.

तिनं ती चप्पल फरशीवर ठेवली आणि डबी उघडली. आत नखाएवढ्या काळ्या चकत्या ओळीनं बसवलेल्या होत्या.

"हे काय व्हय? टिकल्या?" चंपाबाईनं विचारलं. "दोन वर्षं हेच करे. मी विचारलं तं म्हने, तुले समजंल असं सांगीन एक दिवशी."

योगिनीनं सांगितलं. चकती म्हणजे काचेचा तुकडा. तिच्यावर कार्बनच्या नळ्या उभ्या चिकटवलेल्या असतात, इतक्या बारीक की डोळ्याला नुसती काजळी फासल्यासारखी दिसते. "सोयाबीन कापल्यावर वावरात फणकटं उभी राहतात ना मावशी, तशा उभ्या. त्या प्रत्येक नळीच्या अंगावरून पॉलिमरचा धागा वाढवायचा. बाहेरून आणून चिकटवायचा नाही, नळीवरूनच उगवून आणायचा. आधी नळीवर एक रेणू बसवायचा, तो बियाण्यासारखा. मग चकती द्रवात बुडवून निळ्या दिव्याखाली ठेवायची. उगवलं की त्याची पट्टी बनवायची, विहिरीच्या पाण्यात खताचं किती उतरलंय ते सांगणारी."

"मंग उगवे का नाई?"

"हवा उगवू देत नाही. हवेतला ऑक्सिजन वाढत्या टोकाला चिकटला की धागा तिथंच मरतो. म्हणून ते बंद बाटलीत करायचं, आतली हवा नायट्रोजन वायूनं हाकलून."

आणि त्याच वेळी दुसरी एक चकती उघड्या ताटलीत शेजारी ठेवायची. तेच द्रव, तोच दिवा, फक्त हवा मोकळी. तिच्यावर काही उगवणार नाही हे माहीत असूनही ठेवायची, म्हणजे पहिलीवर उगवलं तर ते कशामुळं, हे दाखवता येतं. बंद बाटलीतल्या चकतीच्या पाठीवर एक ओरखडा, उघड्या ताटलीतलीवर दोन. ही खूण योगिनीनंच धम्मदीपाला शिकवली होती.

उगवलंय की नाही हे बघायची साधी रीत म्हणजे पाण्याचा थेंब. नुसत्या नळ्यांवर थेंब अळूच्या पानावर राहावा तसा मोत्यासारखा उभा राहतो. पॉलिमर उगवलेलं असलं की पसरतो.

योगिनीनं वैष्णवीचा औषधाचा ड्रॉपर उकळून घेतला. पहिली चकती, मोती. दुसरी, मोती. सगळी ओळ मोतीच मोती. दोन वर्षांचं न उगवलेलं.

डबीच्या कोपऱ्यात कागदात गुंडाळलेल्या दोन चकत्या वेगळ्या होत्या. त्यांच्यावर द्रव न धुताच वाळलं होतं, म्हणजे त्या शेवटच्या दिवसाच्या. वाळलेल्या द्रवानंही थेंब पसरून फसवू शकतो, म्हणून वैष्णवीच्या इंजेक्शनच्या वेळी आणलेल्या स्पिरिटनं तिनं त्या पुन्हा पुन्हा धुतल्या, वाळू दिल्या.

एका ओरखड्याच्या चकतीवर थेंब टेकला आणि चटकन पसरला.

"मावशी," योगिनी म्हणाली. "उगवलंय. दीपाला जमलं होतं."

चंपाबाईनं पदर ओठांवर धरला.

योगिनीनं दुसरी चकती उलटून पाहिली. दोन ओरखडे. सुलटी केली, थेंब सोडला.

तोही पसरला.

तिनं पुसून पुन्हा सोडला. पुन्हा पसरला. उघड्या ताटलीत, जिथं कधीच काही उगवत नाही, तिथं उगवलं होतं. प्रयोगशाळेतला निळा दिवा मोरीतच बसवलेला असे, म्हणजे ती ताटलीही मोरीतच होती. म्हणजे त्या दिवशी त्या मोरीत हवाच नव्हती. आणि मोरीला लागूनच, पाटावर, धम्मदीपा बसली होती.

३

"आता पोलिसात लागली का तू?" सासू, प्रयागबाई, दारातून म्हणाली. "त्या लेकराले घेऊन मेलेल्या मानसाच्या खोलीत चालली! दृष्ट काढावं लागंल मले संध्याकाळी."

"काढा आत्या," योगिनी म्हणाली आणि वैष्णवीला कडेवर घेऊन निघाली.

प्रयोगशाळेचे प्रमुख माणिकराव सर पायरीवरच भेटले. निवृत्तीला आलेला, हळू बोलणारा माणूस. त्यांनी वैष्णवीच्या गालाला हात लावला. "ये, योगिनी. काय सांगू तुला. पोरीसारखी होती."

"शेवटी काय करत होती ती, सर?"

"काय करणार? बसून राहायची. नायट्रोजनचं सिलिंडर गणपतीपासून आलेलं नाही." आत शिरता शिरता त्यांनी कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. त्याच्यावर धुळीचा थर होता, खोटं काही नव्हतं. "वायूच नाही तर उगवणार काय? ते मनाला लावून घेतलं तिनं. मी म्हणायचो, बाई, घरी जा, आराम कर."

"खिडक्यांना कागद कोणी लावला?"

"मीच लावायला सांगितला. बघ ना बाहेर." खिडकीपलीकडच्या वावरात थ्रेशर सुरू होता. सोयाबीनचं भुसकट, कुटार, उडत होतं आणि पिवळसर धूळ भिंतीवर येऊन बसत होती. "चकतीवर एक कण बसला की गेली चकती. मागच्या मोसमात सगळं वाया गेलं होतं. म्हणून यंदा कागद लावले, पंखाही बंद केला. टॉवेल दाराशी ती रोजच लावायची. आता पोलीस त्याचा वेगळा अर्थ लावतात, मी काय बोलू?"

"तुम्ही सांगितलं का त्यांना, की टॉवेल धुळीसाठी असतो?"

"विचारलं नाही त्यांनी."

योगिनी मोरीपाशी वाकली. वैष्णवी पाण्याचा नळ धरायला हात पुढं करत होती. तिला सावरत योगिनीनं कडेला लोटलेल्या काड्या उचलल्या. गुल काळं पडलेलं, जळून गेलेलं. त्याच्या खाली लाकूड कोरं, पांढरं. एक काडी तशी, दुसरी तशी, सगळ्या तशाच.

"पेटवून घ्यायचं होतं म्हणतात," सर हळूच म्हणाले.

"पेटवून घेणाऱ्याच्या हातात एकही काडी पेटू नये, सर?"

"हात कापत असतील."

"हात कापला तर काडी मोडते. ह्या मोडलेल्या नाहीत. पेटल्या आणि लगेच विझल्या."

काडीच्या टोकाच्या गुलात स्वतःपुरता ऑक्सिजन असतो, ते बंद डब्यातही भडकतं. लाकडाला मात्र बाहेरची हवा लागते. धम्मदीपा काचेची नळी तापवायला स्पिरिटचा दिवा पेटवू बघत होती आणि खोली तिला काडीकाडीनं सांगत होती. फोनवरचं वाक्य योगिनीच्या कानात शब्दशः परत आलं. तिनं त्याला तिथंच बसू दिलं. आता त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता.

वायू नव्हता म्हणणारं धुळकट सिलिंडर खरं होतं. वायू होता म्हणणाऱ्या चकत्या आणि काड्याही खऱ्या होत्या. मग वायू आला कुठून?

रस्त्यावर येईपर्यंत ती चपलेचाच विचार करत होती. रबर बिस्किटासारखं मोडतं ते फक्त एका गोष्टीनं, भयंकर थंडीनं. बर्फाच्या कारखान्यातही तेवढी थंडी नसते. एवढी थंडी ह्या मुलखात कुणाजवळ असते?

फाट्यावर एक म्हैस रस्ता अडवून उभी होती. योगिनी तिच्याकडे बघत राहिली आणि तिला माहेरचा गोठा आठवला. मोटारसायकलवरून येणारा माणूस, त्याचा चंदेरी कॅन, झाकण काढलं की बाहेर सांडणारा पांढरा धूर. गायी-म्हशी भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतन करायला येणारे लोक बीज ज्यात गोठवून ठेवतात, तो द्रव नायट्रोजनच असतो.

४

महाविद्यालयाच्या पट्ट्यात हे काम पाहणारा माणूस अमरसिंग. त्या दिवशी तो मेडशीला गेलेला होता. मनकर्णाबाईच्या अंगणात गायीला भरवून तो हात धूत होता आणि मनकर्णाबाई त्याचं डोकं खात होती.

"मागच्या खेपेले उलटली गाय. या खेपेले तरी राह्यलं पायजे गा! नाई तं त्या कॅनात ताक भरून आनते असं समजीन मी."

"माय, मी बीज टाकतो. बाकीचं तुह्या गायीच्या मनावर," अमरसिंग हसत म्हणाला. मग त्यानं योगिनीला पाहिलं. "काय ताई? तुमच्या घरी म्हैस हाये का?"

"नाही. तुम्ही रिसोड रोडच्या कॉलेजात कॅन देत होतात का?"

हसू गेलं. "म्या? नाई. कॉलेजात कायले? तिथं कोन्ती गाय हाये?"

योगिनीनं पिशवीतून चप्पल काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटी केली, तडा बोटानं चाचपला. मग बाजेच्या कडेवर बसला. वैष्णवी जाऊन त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्याला ते कळलंही नाही.

"अशी रबर माह्या हातमोज्याची झाली होती एकदा," तो म्हणाला. "कोनाची हे?"

"धम्मदीपाची."

"माणिकराव सर माह्ये गुरुजी हायेत, ताई. बारावीत पास झालो त्याहिच्यानं. पानी मागावं तसं मागतलं त्याहिनं, अमरसिंग, सिलिंडर येईपर्यंत दे. गुरांच्या दवाखान्याचा साठा हाये, कोनाले सांगू नको म्हने. मंग मी सकाळी मोठा कॅन ठेवो, दिवस बुडाच्या आत घेऊन जाओ. पोरगी पातेल्यात ओते थोडं थोडं, त्याची वाफ नळीतून घे. म्या पाह्यलं होतं." त्यानं मान खाली घातली. "लोक म्हनतात तिनं जीव देल्ला. म्हून मी चूप बसलो. वाटलं, माह्या कॅनाचा काय संबंध?"

त्या दिवशी ते पातेलं मोरीत उकळत राहिलं होतं. द्रव थोडं असलं तरी त्याचा वायू कितीतरी होतो, आणि तो थंड वायू जड असतो, खाली बसतो. आधी मोरी भरली, मग पाटाएवढी उंची. कागद, टॉवेल, बंद पंखा, धुळीला अडवणारं सगळं त्या वायूलाही अडवत होतं. नायट्रोजनला वास नसतो. जीव घाबरत नाही, छाती भरत नाही. माणूस बसल्या जागी झोपतो.

"त्या दिवशी कॅन परत आणायला गेलात?"

"गेलो ना. दिवस बुडाचा होता."

"आत गेलात?"

"आत कायले जाऊ? उत्कर्षच गेटवर उभा होता कॅन घेऊन. हात गदगद कापून राह्यले होते त्याचे. मी म्हनलं, जड हाये का बापा? मंग इच्यारलं, दीपाताई कुठी हाये?"

"काय म्हणाला?"

"म्हने, आत."

योगिनीनं वैष्णवीला उचललं. पोलिसांच्या कागदावर उत्कर्षचं वेगळं होतं. अंधार पडल्यावर तो पहिल्यांदा खोलीत गेला आणि तेव्हाच तिला पाहिलं, असं.

५

अनसिंगला उत्कर्षच्या घरी त्याच्या आईनं चहा आणून पुढं ठेवला आणि ती कुजबुजली, "जेवत नाई, बोलत नाई. तुमी सांगा काई. मयतरीन होती ना त्याची."

तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. योगिनी खाटेजवळ खुर्ची घेऊन बसली.

"मी एवढंच विचारते, उत्कर्ष. दार उघडलंस तेव्हा टॉवेल होता?"

"हो ताई. सांगतलं ना पोलिसांले. दार सरकेच ना. खांदा लावा लागला."

"म्हणजे टॉवेल आतून घट्ट बसलेला होता."

"हो."

"मग तुझ्याआधी त्या दारातून कोणी आत-बाहेर केलेलं नाही. बाहेर जाणाऱ्याला टॉवेल आतून लावता येत नाही."

त्यानं पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं.

योगिनीनं चप्पल खाटेवर ठेवली. "हिच्यावर द्रव सांडलं, आणि ती गोठलेली असताना कुणाची तरी टाच तिच्यावर पडली. सांडल्यावर थोड्याच वेळात रबर पुन्हा मऊ होतं. म्हणजे सांडणारा आणि पाय देणारा एकाच वेळी तिथं होता."

"दीपानंच पाय देल्ला असंन."

"ती अनवाणी होती. त्या थंडीला पाय लागला असता तर फोड आला असता. तिच्या अंगावर एक फोड नाही. पाय बुटातला होता." तिनं क्षणभर वाट पाहिली. "सगळ्यांच्या आधी आत गेलास तू. तू गेलास तेव्हा कॅन आतच होता, तोंड उघडं. तू तो ओढलास, तो हिंदकळला, आणि तुझी टाच चपलेवर पडली. तेव्हा ती तिथंच पडलेली होती. आणि बाहेर अजून उजेड होता. अमरसिंगनं कॅन घेतला तेव्हा दिवस बुडाला नव्हता."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. वैष्णवी उत्कर्षच्या पांघरुणाचं टोक ओढत होती. त्यानं ते तिला ओढू दिलं.

"मी सरांले फोन केला," तो भिंतीलाच म्हणाला. "अँब्युलन्सले नाई, सरांले. सर म्हने, कॅन आधी काढ. दवाखान्याचा कॅन हाये, सापडला तं अमरसिंगची नोकरी जाईन, माही जाईन, तुही पीएच.डी. जाईन. पातेलं उचल, नळी उचल. मंग म्हने, अंधार पडू दे. मंग बोंबल."

"आणि ती?"

"सर म्हने, कॅन आधी."

"तिचा श्वास पाहिलास का?"

उत्कर्ष उठून बसला. त्याचा चेहरा कोरडा होता, बऱ्याच दिवसांत धुतलेला नसावा तसा.

"नाई पाह्यला, ताई. पाह्यला असता तं कॅन उचलताच आला नसता मले."

योगिनीला वाटलं, आता आपल्याला राग येईल. ती वाट बघत बसली. राग आला नाही. गार पडत चाललेल्या चहावर साय धरताना तिला दिसली, तेवढंच.

"चकत्या का आणून दिल्यास?"

"मोरीत होत्या. तिनं लावलेल्या. सर म्हने, फेक. पन तिचा हात होता त्याच्यावर." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "उगवलं होतं का, ताई?"

"हो."

तेव्हा तो रडला. मोठ्यानं, आई आतून धावत येईल असा.

६

रविवारी उत्कर्ष आणि अमरसिंग दोघंही स्वतःहून ठाण्यात गेले. चकत्या, चप्पल आणि काड्या पंचनाम्यात गेल्या. ठाणेदारानं थेंबाचा प्रयोग दोनदा करून बघितला, दुसऱ्यांदा स्वतःच्या हातानं. "म्हणजे जे उगवायला नको होतं, तेच साक्षीदार," तो म्हणाला. सोमवारी जो कागद वर गेला त्याच्यावर आत्महत्या नव्हती. माणिकराव सरांना चौकशीला बोलावलं. त्यांनी कबूल केलं आणि शेवटी एवढंच म्हणाले की ती गेलेलीच असणार असं त्यांनी धरलं होतं. न बघता, फोनवर.

योगिनी एस.टी.नं रिठदला गेली. चंपाबाईनं तिला आणि वैष्णवीला सतरंजीवर बसवलं.

"ती जायला निघाली नव्हती, मावशी," योगिनी म्हणाली. "काम करत होती. टॉवेल धुळीसाठी होता. काड्या दिव्यासाठी होत्या. तिला त्रास झाला नाही, झोप आल्यासारखं झालं असेल. आणि तिचं त्या दिवशी जमलं होतं."

चंपाबाईनं मान हलवली. किती तरी वेळ ती नुसती मान हलवत होती. इथंच थांबता आलं असतं. सबंध रस्ता योगिनीनं ठरवलं होतं की इथंच थांबायचं.

"दार कोनं उघडलं?" चंपाबाईनं विचारलं. "किती वाजता?"

आईला खोटं कसं सांगायचं, तेही दुसऱ्या एका आईनं? योगिनीनं सगळं सांगितलं.

"आधी कॅन," चंपाबाई म्हणाली.

"हो."

"तवा ती असंन का?"

"कोणी सांगू शकत नाही, मावशी. डॉक्टरही नाही. नसेलच बहुतेक."

"बरं," चंपाबाई म्हणाली. मग उठली, वैष्णवीला मुरमुरे दिले, वाटी धुतली, जागेवर ठेवली, आणि भिंतीला टेकून बसली. योगिनी निघाली तेव्हाही ती तशीच बसलेली होती. "ये," एवढं म्हणाली.

त्यालाही आता दिवस झाले. थ्रेशर थांबले, वावरात हरभरा उगवून आला. रिठदमधली शेजारीण लीलाबाई फोनवर सांगते की चंपाबाई अंगणवाडीत जात नाही. घरात चूल पेटलेली दिसत नाही. विहारातल्या बाया जाऊन येतात, ती सगळ्यांशी बोलते, हसतेही. योगिनी दर रविवारी जायचं म्हणते, पण वैष्णवीचा खोकला आणि सासूचे गुडघे ह्यांत दोन रविवार हुकले. फोन केला की चंपाबाई म्हणते, मी मस्त हाओ, तू लेकराले पाह्य.

म्हणून हे वाचणाऱ्यांना योगिनीचं एक मागणं आहे. वाशिम-रिसोड रस्त्यानं जाणं झालं तर रिठदला उतरा. अंगणवाडीच्या चंपाबाई म्हटलं की कोणीही घर दाखवेल. दार वाजवा. पोरीबद्दल विचारलंत तरी चालेल, तिला आवडतं. पण जेवलात का, असं विचारू नका, ती हो म्हणते. पाणी मागण्याच्या निमित्तानं आत जा आणि भाकरीच्या टोपलीवरचं फडकं स्वतःच्या हातानं उचलून बघा.